कोर्ट उठेपर्यंत

शोएबचा फोन आला तेव्हा सिद्धू कोळेकर तासगावजवळच्या बेदाण्याच्या शेडवर कामाला होता. द्राक्षांनी भरलेले क्रेट औषधाच्या हौदात बुडवायचे, वर काढून निथळू द्यायचे आणि मग घड जाळीवर पसरायचे, हे त्याचं काम. हात सकाळपासून बुळबुळीत झालेले. पायजम्याला पुसून फोन काढेपर्यंत तो वाजायचा थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

शोएब म्हणजे गावातल्या पीरमहंमद अत्ताराचा पोरगा. तो आणि सिद्धूचा पोरगा धनाजी दुबईला एकाच खोलीत राहायचे, एकाच कंपनीच्या इमारतींवर परांच्या बांधायचे. शोएब आधी घरची खुशाली विचारत राहिला. मग म्हणाला, धना परांचीवरनं पडलाय. जिवंत आहे, बोलतोय, जेवतोय. मग शोएबने राहिलेलं सांगितलं. कमरेखाली त्याला काही कळत नाही. पाठीचं ऑपरेशन झालंय.

हौदात एक क्रेट बुडवलेला होता. जास्त वेळ राहिला तर द्राक्षाची साल फाटते, म्हणून सिद्धूने आधी तो वर काढला. निथळायला ठेवला. मग मुकादमाला पोटात दुखतंय एवढंच सांगून तो फाट्यावर आला आणि कवठेमहांकाळच्या एसटीची वाट बघत उन्हात उभा राहिला.

वस्तीवर त्याने बायकोला, रंगुबाईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे होती. ती रडली नाही. तव्यावरची भाकरी तिने उलटली, शेकली, उतरवून ठेवली, आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. सून स्वप्नाली दारात उभी होती. तिला आठवा महिना सरत आला होता. तिने पोटाखाली हात धरला आणि हळूहळू खाली बसली.

पुढचे काही दिवस फोनवरच गेले. धनाजी स्वतः बोलायचा, पण आवाज औषधाने जड झालेला, अर्ध्यातच थांबायचा. शेवटी शोएबने कंपनीचं म्हणणं सांगितलं. इथे आता आणखी काही करण्यासारखं नाही, घरी न्या. तिकिटं कंपनी देईल. पण अशा माणसाला विमानात एकट्याला घेत नाहीत, सोबत कुणीतरी लागतं. शोएबला सुट्टी मिळत नव्हती. घरातलंच कुणीतरी यायला हवं होतं.

स्वप्नाली तशा अवस्थेत जाऊ शकत नव्हती. रंगुबाईला धाप लागायची, चार पावलं चढ आला की बसायला लागायचं. राहिला सिद्धू.

"तुमीच जावा," रंगुबाई म्हणाली. तो मान खाली घालून पायाच्या भेगेतला खडा काढत राहिला. विमानाला तो घाबरत नव्हता. कशाला घाबरतोय हे तिला ठाऊक होतं आणि सुनेसमोर तिला ते बोलता येत नव्हतं.

सात वर्षांपूर्वी त्यांच्याकडे मेंढरं होती. छाटणी झालेल्या द्राक्षबागांच्या कडेने ते कळप घेऊन चालले होते. एका बागेतला राखणदार, नाथाजी त्याचं नाव, त्याने बागेत शिरलेलं कोकरू पकडून खोपटात बांधलं. मालक आल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला. धनाजी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पहाटे उठून पोलीस भरतीसाठी पळायचा. साताऱ्याच्या मैदानावर त्याची पहिली चाचणी महिन्यावर आली होती. बोलण्यातून बोलणं वाढलं, नाथाजीने आईवरून शिवी दिली, आणि धनाजीने बापाच्या हातातली काठी ओढून घेऊन त्याच्या कपाळात घातली. रक्त डोळ्यांवर उतरलं. नाथाजी खाली बसला. लोक धावत यायला लागले तोवर सिद्धूने पोराच्या हातातली काठी परत काढून घेतली होती.

काठी कुणाच्या हातात आहे ते लोकांनी बघितलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा सिद्धू म्हणाला, मी मारलं. रंगुबाईने सगळं पाहिलं होतं. तीही तेच म्हणाली.

पुढे तालुक्याच्या कोर्टात वकिलाच्या सांगण्यावरून त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी शिक्षा वाचली, कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड. कैद हा शब्द ऐकून बाहेर व्हरांड्यात रंगुबाईने टाहो फोडला. वकिलाने तिला समजावलं, तुरुंगात न्यायचं नाही, संध्याकाळी कोर्टाचं काम संपेपर्यंत आत बसून राहायचं, मग मोकळा. सिद्धू मागच्या बाकावर बसला. दुपारी न्यायाधीश जेवायला उठले तेव्हा तोही उठला. शिपायाने त्याला खाली बसवलं. कोर्ट उठलं नव्हतं. पुढे त्याला लघवीला लागली. त्याने करंगळी दाखवली तर शिपाई म्हणाला, कैदी हाय तुमी, गप बसा. बाकावरची माणसं हसली. सिद्धूने पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी सगळे उभे राहिले तेव्हा त्याला एकदम उभं राहता आलं नाही, बाकाला धरून वाकूनच तो बाहेर पडला.

धनाजी भरतीत छातीच्या मापात बाद झाला. पुढच्या वर्षीही तेच झालं. मग तो शोएबबरोबर दुबईला गेला. त्याच्या पासपोर्टाला काही अडचण आली नाही, त्याच्या नावावर काहीच नव्हतं. कळप त्याच्या आधीच मोडला होता.

आता सिद्धूला पासपोर्ट काढायचा होता.

पीरमहंमद त्याला सांगलीला घेऊन गेला. फोटोसाठी टोपी काढायला सांगितली, तेव्हा सिद्धूला उघड्या डोक्याने फार अवघडल्यासारखं झालं. पासपोर्टाच्या अर्जात कधीच्या शिक्षेचं विचारतात, किती वर्षांच्या शिक्षेचं विचारतात, ते पीरमहंमदने वकिलाला फोन करून विचारून घेतलं. वकील म्हणाला, तुमची शिक्षा कसल्याच हिशेबात येत नाही, बिनघोर जा. सिद्धूने मान हलवली. पण परतीच्या एसटीत त्याने पीरमहंमदला तीनदा विचारलं, नक्की तसंच म्हणाला का.

मग पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. हवालदार चांगला बोलला. बसा म्हणाला. नाव टाकून त्याने संगणकाकडे बघितलं आणि सहज म्हणाला, तुमच्यावर मारहाणीची एक केस होती की. सिद्धू उभा राहिला. हवालदार म्हणाला, शिक्षा भोगली, दंड भरला, संपलं ते, आहे ते आहे तसं आम्ही वर कळवतो, बसा तुम्ही. सिद्धू बसला, पण पुढचं त्याच्या कानात शिरलं नाही. वर कळवतो, एवढंच घेऊन तो बाहेर आला.

बाहेर चहाच्या टपरीवर एकाला त्याने बोलता बोलता विचारलं. त्या माणसाला सगळंच ठाऊक होतं. तो म्हणाला, फिर्यादीने हरकत घेतली तर पासपोर्ट रद्द होतो. आणि घेऊन गेलाच, तर तिकडे उतरल्यावर त्यांच्याकडे सगळ्या जगातली नावं असतात. तिकडं कोर्टबिर्ट काय नसतं गड्या, डायरेक आत.

त्या दिवसापासून सिद्धूचं जेवण तुटलं. शेडवर जाळीखालून चालताना तो मध्येच थांबायचा. सोबतच्या बायका म्हणायच्या, पोराचं लागलंय मनाला. ते खरंच होतं, पण पोराचा विचार करायला बसलं की त्याच्या डोळ्यापुढे आधी एक बाक यायचा आणि त्या बाकाला शेवट नसायचा. त्याला आत घातलं तर धनाला कोण आणणार. आपण तिकडे अडकलो तर पोरगं तिथेच पडून राहील, पलीकडच्या कुठल्या तरी खोलीत, आणि दोघांनाही एकमेकांचं कळणार नाही.

एके दिवशी कामावरून सुटल्यावर तो घरी न येता नाथाजीकडे गेला.

नाथाजी आता दुसऱ्या बागेवर होता. बांधावर बसून तो फवारणीच्या पंपाची नळी दुरुस्त करत होता. कपाळावरची खूण भुवईपासून केसांत गेलेली. सिद्धूने पायातल्या चपला बांधाखालीच काढल्या. नाथाजीने ते बघितलं.

सिद्धूने पोराचं सांगितलं. पासपोर्टाचं सांगितलं. मग तो अडखळला आणि हात जोडले. तुम्ही हरकत घेऊ नका म्हणाला.

नाथाजीने नळी खाली ठेवली. द्राक्षाच्या पानांवर औषधाचे निळसर डाग वाळले होते, तिकडे तो बघत राहिला.

"कमरंखाली कायच न्हाई?"

"न्हाई म्हणत्यात."

"सिद्धू, मी वळखतो मला मारणाऱ्याला. डोळ्यात रगात उतरायच्या आदी बघितलं हुतं मी. काठी तुझी हुती, हात तुझा नव्हता."

सिद्धूचे जोडलेले हात तसेच राहिले. त्याला वाटलं होतं ही गोष्ट घरातल्या तिघांत आहे. सात वर्षं तो तसंच समजून चालला होता.

"आसं बोलू नगा," तो म्हणाला. "हात माझाच हुता."

"बरं."

"कोर्टात लिवून हाय."

"आरं बरं म्हटलं न्हवं," नाथाजी म्हणाला. "मी तवा बोललो न्हाई, आता कशाला बोलंन. घाल चपला. जा, पोराला आण."

बरं वाटायला हवं होतं. पण वाटेने येताना सिद्धूला नवीनच घोर लागला. एकाला ठाऊक आहे म्हणजे आणखी कुणाला ठाऊक असेल. तिथल्या कुणी खोदून विचारलं आणि आपल्या तोंडून निसटलं, तर ते सगळं धनाच्या अंगावर जाणार. त्याचे इलाजाचे कागद, कंपनीचा विमा, सगळं अडेल. आणि पोरगं तर त्यांच्याच ताब्यात आहे. आतापर्यंत तो स्वतःसाठी भीत होता. आता स्वतःच्या तोंडाला भ्यायला लागला.

पासपोर्ट आला. शोएबने व्हिसा पाठवला. निघायच्या दिवशी रंगुबाईने चटणी-भाकरी बांधून दिली. धनाजीला लोणचं आवडतं म्हणून बरणी भरली आणि विमानात ती नेऊ देत नाहीत म्हटल्यावर परत रिकामी केली. स्वप्नाली पाया पडायला वाकू शकत नव्हती. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने नुसते हात जोडले. ती कोरेगावकडची. लग्न ठरलं तेव्हा तिच्या मामांनी सासऱ्यावर केस आहे म्हणून आढेवेढे घेतले होते, हे सिद्धूला माहीत होतं. घरात आल्यापासून ती त्याच्याशी फार अदबीने वागायची. त्याने आवाज जरा चढवला, कोंबडी हाकायला काठी उचलली, तरी ती हातातलं काम टाकून आत जायची. सिद्धूने ते कितीदा पाहिलं होतं. त्यामुळे अंगणात असताना तो काठी दाराआड ठेवायला शिकला होता.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "त्यास्नी घेऊनच या."

कऱ्हाड गेलं, सातारा गेला. भरतीचं मैदान रस्त्यावरून दिसतं का म्हणून सिद्धू खिडकीबाहेर बघत होता, पण गाडी बाहेरच्या रस्त्याने निघून गेली. पीरमहंमद मुंबईपर्यंत सोबत होता. विमानतळाच्या काचेच्या दारापाशी शिपायाने फक्त तिकीटवाल्याला आत सोडलं. पीरमहंमद बाहेर राहिला. कुठे काय दाखवायचं ते त्याने पढवून ठेवलं होतं, तरी सिद्धूला आत गेल्यावर त्यातलं अर्धं आठवेना. तो पुढच्या माणसाची पाठ बघत चालत राहिला.

पासपोर्ट तपासायच्या खिडकीत एक बाई होती. मराठी बोलली. त्याला जरा धीर आला. कशाला चाललाय, तिने विचारलं. पोराला आणायला. तिने पान उलटलं. शिक्षण किती? तो म्हणाला, न्हाई झालं. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातांकडे बघितलं, आणि पासपोर्ट बाजूला ठेवून त्याला तिकडे कडेला थांबायला सांगितलं.

तो कडेला उभा राहिला. मागची माणसं त्याच्या पुढे जाऊ लागली. एक बाई कडेवरचं मूल घेऊन गेली, दोन पोरं हसत गेली. सगळ्यांचे शिक्के पडत होते. जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे एकदा बघून जायचा. त्याने पिशवी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली. कुठेतरी बसावं असं वाटत होतं, पण समोर एक बाक होता आणि त्यावर बसायचं धाडस त्याला झालं नाही.

एक साहेब आले. त्यांनी त्याला आतल्या टेबलाशी नेलं. तिकडे कामाला लावतो असं कुणी सांगितलंय का? तुम्हाला कुणी पाठवलंय का? परत कधी येणार? राहणार कुठे? सिद्धूला यातला एकही प्रश्न खरा वाटत नव्हता. हे सगळं आजूबाजूचं आहे, खरा प्रश्न शेवटी येणार, असं धरून तो बसला होता. प्रत्येक उत्तरानंतर तो तोंड घट्ट मिटून घ्यायचा. साहेबांना वाटलं, हा काहीतरी लपवतोय. ते पुढे झुकले.

"हे बघा, खरं काय ते सांगा. तुमच्यासारखी माणसं फसवून नेतात तिकडे. म्हणून विचारतोय."

सिद्धूने पिशवीत हात घातला. कागद सापडेना, भाकरीचं फडकं बाहेर आलं, सदरा आला. शेवटी दवाखान्याचा कागद आणि धनाजीचा फोटो मिळाला. फोटोत धनाजी गळ्याला पट्टा लावून पडलेला होता. साहेबांनी तो कागद वाचला, फोटो बघितला, परतीची दोन तिकिटं बघितली. मग ते स्वतः उठून खिडकीपर्यंत गेले. शिक्का पडला. बाईने पासपोर्ट देताना, जपून आणा मुलाला, असं म्हटलं.

विमानात तो खिडकीशी होता, पण त्याने बाहेर बघितलं नाही. जेवण आलं ते तसंच परत गेलं. हे आपलेच होते म्हणून सुटलो, असं त्याला वाटत होतं. पुढचे आपले नव्हते.

दुबईला उतरल्यावर माणसांचा लोंढा पांढऱ्या, थंडगार वाटेने निघाला. एवढी थंडी असेल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रांगेत त्याचा नंबर आला. पांढऱ्या पायघोळ झग्यातला एक तरुण पोरगा काचेमागे बसला होता. त्याने पासपोर्ट घेतला, बोटाने सिद्धूला डावीकडची खोली दाखवली आणि पासपोर्ट एका शिपायाजवळ दिला.

त्या खोलीत आणखी चार-पाच जण होते. सगळे गरीब दिसत होते. एकेकाला यंत्रापुढे उभं करत होते. यंत्राला दोन काळी भोकं होती आणि माणसाने त्यात डोळे लावायचे होते. शेजारचा बिहारकडचा माणूस हिंदीत म्हणाला, आँख का फोटो लेता है, पहले इधर से जिसको निकाला है वो पकड में आता है. सिद्धूला पहिलं वाक्य कळलं. दुसऱ्यातलं पकडणं कळलं.

त्याचा नंबर आला. त्याने डोळे लावले. आत एक हिरवा ठिपका पेटला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. पुन्हा. पुन्हा मिटले. उन्हातान्हात जन्म गेल्याने त्याच्या एका डोळ्यात कोपऱ्याकडून मांस वाढलं होतं आणि पापण्या जड होऊन खाली लोंबत होत्या. यंत्र आवाज करायचं आणि थांबायचं. यंत्रावरचा माणूस आधी हिंदीत बोलला, मग मोठ्याने बोलला. मागे रांग वाढली. त्या माणसाने दुसऱ्याला हाक मारली. दोघे त्यांच्या भाषेत बोलले आणि दुसऱ्याने सिद्धूचा पासपोर्ट उघडून त्यातलं नाव मोठ्याने वाचलं.

कोळेकर, असं आपलं नाव त्या परक्या तोंडून ऐकलं आणि सिद्धूच्या आतलं सगळं ढासळलं. त्याला वाटलं, सापडलं. यंत्राला डोळ्यातून दिसलं. आता हे विचारणार, कुणी मारलं. आणि यंत्राला दिसलंच असेल तर कुणी मारलं तेही दिसलं असेल.

"मीच मारलं साहेब," तो मराठीत बोलला. "पोरानं न्हाई. काठी माझी हुती. पोराला काय म्हायती न्हाई. मी शिक्षा भोगलिया, तुमी लावा परत, पर त्याला जाऊ द्या."

तो बोलतच राहिला. हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी चाललेलं. यंत्रावरच्या माणसाला एक अक्षर कळलं नव्हतं. तो उठला, टेबलावरचा कागदी रुमाल काढून त्याने सिद्धूच्या हातात दिला आणि डोळे पुसायची खूण केली. मग त्याने स्वतःच्या दोन बोटांनी सिद्धूच्या पापण्या वर धरल्या आणि त्याचं डोकं हळूच यंत्राकडे नेलं. बोटं थंड होती. हिरवा ठिपका पेटला. यंत्र वाजलं, पण या वेळी वेगळ्या आवाजात.

"खलास," तो माणूस म्हणाला. सिद्धूला वाटलं, आपण संपलो. पण त्याच्या हातात पासपोर्ट दिला गेला आणि दाराकडे बोट दाखवलं गेलं.

बाहेर शोएब उभा होता. सिद्धूला बघून तो पुढे आला आणि घाबरलाच. त्या थंडीतही सिद्धूचा सदरा पाठीवर घामाने चिकटला होता. शोएबने विचारलं, काका, आडवलं का कुटं? सिद्धू म्हणाला, न्हाई.

दवाखान्यात धनाजी भिंतीकडे तोंड करून होता. बापाचा वास आला की काय, त्याने मान वळवली. सिद्धूने पिशवी खाली ठेवली आणि चादरीवरून त्याच्या पायावर हात ठेवला. मग बोटांनी दाबून बघितलं. पोटरी मऊ झाली होती. महिन्याभरात एवढी उतरली होती. धनाजी त्याच्या हाताकडे बघत होता, पण दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसा.

"तुमाला सोडतील का न्हाई याचंच भ्या हुतं मला, आप्पा," तो म्हणाला. "रोज शोएबला इचारत हुतो."

"कोण आडवतंय. लय भली माणसं हायती," सिद्धू म्हणाला.

तिथे राहिला तेवढे दिवस परिचारिकेने त्याला सगळं शिकवलं. कुशीवर कसं वळवायचं, पाठ कुठे लाल होतेय ते कसं बघायचं, लघवीची नळी आणि पिशवी कशी बदलायची, कमरेचा पट्टा कसा आवळायचा. भाषा कळत नव्हती, हात बघून तो शिकला. पहिल्यांदा पोराला पुसून काढताना धनाजीने डोळ्यांवर हात आडवा घेतला. सिद्धूने ते पाहिलं आणि तो जरा पाठमोरा होऊन, जुन्या कळपातल्या कुठल्या तरी आडमुठ्या मेंढ्याची गोष्ट सांगत काम करत राहिला.

परतीच्या सकाळी शोएबने त्यांना विमानतळापर्यंत पोचवलं. चाकाची खुर्ची ढकलायला विमानतळाचा माणूस होता. पासपोर्टाच्या खिडकीशी पोचता पोचता धनाजीचा एक पाय खुर्चीच्या खालच्या फळीवरून घसरून जमिनीवर घासायला लागला, आणि त्याला ते कळलंच नाही. सिद्धूने ओरडून खुर्ची थांबवली. खाली गुडघ्यावर बसून त्याने चप्पल काढली, घोटा तपासला, साल गेली होती. थुंकी लावून त्याने पाय वर ठेवला आणि गळ्यातल्या उपरण्याने दोन्ही पाय एकत्र बांधले. वर कुठेतरी शिक्के पडले. कुणीतरी दोन्ही पासपोर्ट त्याच्या खांद्यावरून पुढे केले, तेव्हा त्याने बघितलं की खिडकी मागे पडली आहे.

विमानात धनाजीला कडेच्या जागेवर बसवलं. सिद्धू शेजारी. विमान वर गेल्यावर बराच वेळ धनाजी समोरच्या खुर्चीकडे बघत होता.

"आप्पा, घरी गेलो की मी सांगणार हाय."

"काय?"

"नाथाजीचं. स्वप्नाली तुमाला भिऊन ऱ्हाती. मला फोनवर बोलली हुती, तुमच्या बापाचा राग लय वाईट म्हणून. मी ऐकून घेतलं, बोललो न्हाई. आता सांगणार. तिला सांगतो, तिच्या मामास्नी सांगतो. कोर्टात जाऊन सांगावं लागलं तर तिथं बी."

सिद्धू एकदम ताठ झाला. त्याने पुढे-मागे बघितलं, कुणी मराठी माणूस ऐकत नाही ना म्हणून. मग पोराच्या कानाशी वाकला. यंत्रापुढे होता तसाच त्याचा आवाज कापत होता.

"गप. एक शबूद काढायचा न्हाई. येडा झालास का काय तू. तुला परत कामाला जायचंय. बरा झालास की कंपनी बोलवंल, न्हाईतर दुसरी बोलवंल. तुझा पासपोर्ट कोरा हाय, धना. त्याच्यावर काय येऊ द्यायचं न्हाई."

धनाजीने बापाकडे बघितलं. बाप हे सगळं खरं धरून बोलत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

धनाजीने खाली नजर नेली. उपरण्याने एकत्र बांधलेले आपले दोन पाय त्याने बराच वेळ बघितले.

"व्हय आप्पा," तो म्हणाला.

मुंबईजवळ विमान खाली यायला लागलं तेव्हा ते हादरायला लागलं. सिद्धू पट्टा सोडून वाकला. हवाई सुंदरी लांबून त्याला बसा बसा म्हणत होती. त्याने पोराचे दोन्ही पाय कवेत घेतले आणि छातीशी घट्ट धरले, दणका बसला तर दुखू नये म्हणून.